हे तुला कुठून कळलं?

गेल्या वर्षी जानेवारीत ताईशी फोनवर वाद घालताना मी म्हणाले, "बाजार मोकळा सोडा, अदृश्य हात सगळं बरोबर करतो, असं अ‍ॅडम स्मिथ सांगून गेला आणि तिथेच सगळं चुकलं." अर्थशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या या स्मिथच्या विरोधात मी बोलत होते, चांगली तावातावाने. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे तुला कुठून कळलं?"

मला सांगता येईना. कुठल्या लेखात वाचलं होतं? कुणाच्या भाषणात ऐकलं होतं? ज्या माणसाला मी खोडून काढत होते, त्याचं एक पानही मी वाचलेलं नव्हतं. फोन ठेवला तरी प्रश्न काही जाईना. रात्री वही काढली आणि राजकारण, अर्थकारण, तंत्रज्ञान यांबद्दलची माझी ठाम मतं एकाखाली एक लिहून काढली. २३ निघाली. प्रत्येकापुढे, ते माझ्याकडे कुठून आलं, हे लिहायला बसले. १९ जागा कोऱ्या राहिल्या.

वर्षभराचं वाचन त्या कोऱ्या जागांतून सुरू झालं.

पद्धत फार विचारपूर्वक ठरवली नव्हती, ती घडत गेली. पहाटे पाऊण तास, फोन दुसऱ्या खोलीत. वहीच्या डाव्या पानावर लेखक काय म्हणतो ते माझ्या शब्दांत, उजव्या पानावर मला पडलेला प्रश्न. सुरुवातीला आठवड्याला एक पुस्तक असा संकल्प होता, तो मार्चमध्ये सोडला. आकडा गाठायचा म्हटलं की मी प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचून पुस्तक संपलं असं धरत होते, आणि माझा रोग नेमका तोच होता. वर्षाअखेर १७ पुस्तकं पूर्ण झाली, ९ अर्ध्यावर सोडली. सोडलेल्यांची खंत नाही. जे पुस्तक पन्नास पानांत एकही दाखला देत नाही, त्याला पुढची अडीचशे पानं का द्यायची?

फेब्रुवारीत स्मिथच हाती घेतला. १७७६ साली आलेला त्याचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' पाच भागांचा, अवाढव्य ग्रंथ आहे, पण सुरुवात होते ती एका टाचणीपासून. एक जण तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो. असे सुमारे अठरा टप्पे. कामं वाटून घेतली की दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, एकेकट्याने केल्या तर प्रत्येकाच्या वीससुद्धा होणार नाहीत. ही पानं मी दोनदा वाचली. अर्थशास्त्र एवढं डोळ्यांना दिसेल असं लिहिता येतं, हे मला नवीन होतं.

मग मी अदृश्य हाताची वाट बघत राहिले. पहिला भाग संपत आला, तिथे चांदीच्या भावावरचं एवढं लांब विषयांतर लागलं की दोन आठवडे अडकून पडले. दुसरा भाग झाला, तिसरा झाला. अखेर चौथ्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात ते शब्द भेटले. अख्ख्या ग्रंथात एकदाच. तेही परदेशापेक्षा देशातच भांडवल गुंतवणं पसंत करणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल बोलताना, ओघात. त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. माझ्या डोक्यातला स्मिथ या एका वाक्यावर उभा होता.

उरलेल्या ग्रंथात त्याने जे लिहिलंय ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. एकाच धंद्यातले लोक एकत्र जमले की बोलणं लोकांच्या विरोधातल्या कटावर किंवा भाव वाढवण्याच्या युक्तीवर येऊन ठेपतं, असं तो म्हणतो. मजुरी वाढू नये म्हणून मालक मंडळी कायम, सगळीकडे, आतून एकमेकांना धरून असतात. कायदा मात्र मजुरांच्या एकीवर बंदी घालतो, मालकांच्या नाही, हेही तोच लिहितो. आणि पाचव्या भागात टाचणीच्या कारखान्याची दुसरी बाजू येते. दोन-चार सोप्या क्रिया करण्यात ज्याचं आयुष्य जातं त्या माणसाची बुद्धी वापरावाचून गंजते, आणि सरकारने काही केलं नाही तर बहुसंख्य कष्टकऱ्यांची हीच गत होणार, असा इशारा तो देतो. उपाय म्हणून गरिबांच्या मुलांना परवडतील अशा शाळा सुचवतो. पहिल्या भागातलं कौतुक आणि पाचव्या भागातली काळजी, दोन्ही एकाच माणसाची. ज्यांनी मला स्मिथ सांगितला त्यांनी पहिली दहा पानं तरी वाचली असतील, पण पाचव्या भागापर्यंत कोण पोचलं होतं?

ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता मतं कशी वाटतात?" मी म्हटलं, "२२ राहिली."

मजुरीवरच्या त्या प्रकरणातूनच पुढची वाट फुटली. माझ्या यादीत सातव्या क्रमांकावर होतं: 'तंत्रज्ञानाला विरोध करणारे लडाइट असतात, ते नेहमी हरतात.' लडाइट म्हणजे नव्या यंत्रांना घाबरून ती फोडणारे अडाणी लोक, एवढीच माझी माहिती. एप्रिल आणि मे हे दोन महिने मी इंग्लंडच्या १८११ ते १८१६ या वर्षांत घालवले.

पहिला धक्का असा की लडाइट कामगारांनी नॉटिंगहॅमशायरमध्ये फोडलेलं मोजे विणायचं यंत्र नवीन नव्हतंच. ते विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ मध्ये शोधून काढलेलं. म्हणजे सव्वादोनशे वर्षं ही माणसं आणि त्यांचे बापजादे त्याच यंत्रावर पोट भरत होते. तक्रार यंत्राच्या वापराबद्दल होती. काही मालक रुंद यंत्रांवर कापड विणून, ते कापून, शिवून हलक्या प्रतीचे मोजे बाजारात आणत होते. उमेदवारी पूर्ण न केलेल्या पोरांना कमी पैशांत कामाला लावत होते. त्यामुळे भाव पडला, मजुरी पडली. पुष्कळ ठिकाणी ही माणसं निवडून यंत्रं फोडत: या मालकाची फोडायची, शेजारी नीट मजुरी देतो म्हणून त्याची तशीच ठेवायची. घाबरलेला माणूस असं निवडत बसेल का?

मग संघटना का नाही केली, वाटाघाटी का नाही केल्या? वहीच्या उजव्या पानावर मी हा प्रश्न लिहिला आणि उत्तर महिनाभर आधीच्या माझ्याच नोंदीत सापडलं. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांनी मजुरीसाठी एकत्र येण्यावर बंदी होती, ती उठली १८२४ मध्ये. स्मिथने १७७६ मध्ये जे लिहिलं ते नंतर आणखी आवळलं गेलं होतं. बोलायची सगळी दारं बंद केल्यावर हातोडा उचलला, तर त्या हातोड्याला अडाणीपणा म्हणायचं? संसदेने १८१२ मध्ये यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरन त्या विधेयकाविरुद्ध उमरावांच्या सभागृहात बोलला, ते त्याचं तिथलं पहिलं भाषण. १८१३ च्या जानेवारीत यॉर्कमध्ये १७ जणांना फासावर चढवलं. त्या माणसांचं नाव आज शिवीसारखं वापरलं जातं, आणि मीही ते तसंच वापरत आले होते. हे लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतं.

राजकारण, अर्थकारण, तंत्रज्ञान असे वहीत तीन रंगीत कागद लावून मी तीन भाग केले होते. मे अखेर ते काढून टाकले. मोज्याचं यंत्र कुठल्या भागात लिहायचं तेच कळेना.

जूनमध्ये दोन विचारवंतांची पुस्तकं जोडीने वाचली: हायेकचं 'द रोड टु सर्फडम' आणि पोलान्यीचं 'द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन'. दोघंही व्हिएन्नात जन्मलेले, दोन्ही पुस्तकं १९४४ सालची. समोर तेच युद्ध, आणि निदान अगदी उलट. हायेक म्हणतो, अख्ख्या अर्थव्यवस्थेचं नियोजन सरकारच्या हाती दिलं की स्वातंत्र्य टिकत नाही. पोलान्यी म्हणतो, माणसाची मेहनत, जमीन आणि पैसा या विकण्यासाठी तयार केलेल्या वस्तू नाहीत. त्यांना निव्वळ बाजाराच्या स्वाधीन केलं की समाज मोडतो आणि स्वतःला वाचवायला धडपडतो. दोघांना एकाआड एक प्रकरण देऊन वाचलं. पोलान्यी मला पटणार हे माहीतच होतं. हायेकने मात्र अडवलं. आजारपण, अपघात अशा संकटांसाठी सरकारने विमा योजना उभारायला हरकत नाही, असं त्याच पुस्तकात तो स्पष्ट लिहितो. त्याचे भक्त आणि त्याचे शत्रू, दोघांकडूनही हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. त्याचा १९४५ चा छोटा लेख तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. जगात कुठेतरी कथील कमी पडलं, तर का कमी पडलं हे न कळताही, नुसता भाव वाढल्यामुळे हजारो लोक ते जपून वापरायला लागतात. किंमत म्हणजे निरोप, ही गोष्ट मी इतकी वर्षं हिशेबाचं काम करूनही अशी पाहिली नव्हती.

या काळात एक त्रासही झाला, तो सांगायला हवा. माझं बोलणं कमी झालं. चार लोकांत विषय निघाला की तोंडाशी आलेलं वाक्य मी आतल्या आत तपासायला लागायचे, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. एका मैत्रिणीने विचारलंही, "तुझी काही मतंच राहिली नाहीत का गं?" प्रश्न लागला मला. पण खोटं आवसान आणून बोलणं आता जमत नव्हतं.

पावसाळ्यात बाबासाहेब आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचला, १९२३ चा. संविधानाचे शिल्पकार म्हणून आपण त्यांचं नाव घेतो, पण तरुणपणी लंडनमध्ये चलनव्यवस्थेवर त्यांनी जे काम केलं ते किती जणांनी उघडून पाहिलंय? वाचायला सोपं नाही. आकड्यांच्या तक्त्यांवर पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या सुवर्ण विनिमय पद्धतीचं, म्हणजे व्यवहारात रुपयाच ठेवून त्याचा सोन्याशी दर बांधून ठेवण्याचं, समर्थन केलं होतं. आंबेडकर तिच्यावर तुटून पडतात. सोन्याच्या तुलनेत रुपया स्थिर दिसला म्हणून काय झालं, त्या रुपयात वस्तू किती येतात ते स्थिर आहे का, हा त्यांचा रोख. आणि चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा आग्रह. सोनं-रुपयाचा दर ही सावकार-व्यापाऱ्यांची काळजी, आणि रुपयाची खरेदीशक्ती ही सगळ्यांची, असं मी डाव्या पानावर माझ्या शब्दांत लिहिलं.

या पुस्तकात मला सगळ्यात जास्त भिडलं ते मात्र वेगळंच. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची आहे, आणि त्या प्रस्तावनेतच कॅनन सांगतात की मला यातले बरेचसे युक्तिवाद मान्य नाहीत. तरी विचारांचा ताजेपणा ते मोकळ्या मनाने कबूल करतात. शिष्याने आपल्या विरोधातलं मत छापावं, गुरूने त्यालाच प्रस्तावना द्यावी, आणि ती प्रस्तावना शिष्याने पुस्तकात अभिमानाने ठेवावी! वाद असा घालता येतो. ते पान मी फोटो काढून ताईला पाठवलं. तिचं उत्तर आलं: "फ्रेम कर."

सप्टेंबरमध्ये मी स्वतः तोंडावर आपटले. तंत्रज्ञानावरच्या वाचनात एक गोष्ट मला फार आवडली होती. न्यूयॉर्कची बांधकामं ज्याच्या हाती होती त्या रॉबर्ट मोझेसने लाँग आयलंडच्या रस्त्यांवरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि काळे लोक समुद्रकिनाऱ्यावर पोचूच नयेत. लॅंग्डन विनर यांच्या १९८० च्या प्रसिद्ध निबंधात हे उदाहरण आहे, रॉबर्ट कॅरो यांच्या मोझेस-चरित्रावरून घेतलेलं. वस्तूंनाही राजकारण असतं, याचा याहून नेमका दाखला कुठला? तीन महिने मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. आणि मग बर्नवर्ड योर्गेस या जर्मन अभ्यासकाचा १९९९ चा लेख हाती आला. तो दाखवतो की त्या रस्त्यांवर बस आणि ट्रक यांना मुळातच बंदी होती, तसे ठेंगणे पूल इतरत्रही होते, आणि किनाऱ्याला जायला दुसरे रस्तेही होते. मोझेसचे पूर्वग्रह खोटे ठरत नाहीत. पण पुलाची उंची हाच तो कट, ही गोष्ट मला वाटली होती तेवढी पक्की उरत नाही.

म्हणजे या खेपेला मी मूळ निबंध वाचला होता, तरीही फसले. गोष्ट माझ्या मताला इतकी चपखल बसत होती की निबंधाला ती कुठून कळली, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ज्यांना ज्यांना सांगितली होती त्यांची आठवून यादी केली. अकरा जण. प्रत्येकाला फोन करून किंवा भेटून सांगितलं की मी सांगितलं ते तपासलेलं नव्हतं. दोघांना ती गोष्ट आठवतही नव्हती. एक जण रागावला, म्हणाला, "अगं, मी ती माझ्या वर्गात सांगितली!" त्यालाही पुढे तेच करावं लागणार होतं.

त्यानंतर माझ्या वहीत तिसरा रकाना आला: 'याच्या उलट कोण म्हणतं?' एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' मी तो रकाना भरत वाचलं. गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये म्हटलं होतं की सामायिक कुरण असलं की जो तो आपलीच गुरं वाढवतो आणि कुरण उजाड होतं. ऑस्ट्रॉम बाईंनी जगभरातली प्रत्यक्ष सामायिक कुरणं, पाटपाणी, मासेमारीच्या जागा तपासल्या आणि १९९० मध्ये दाखवलं की अनेक ठिकाणी लोक शतकानुशतकं ती नीट सांभाळत आलेत. स्वित्झर्लंडमधल्या टॉर्बेल गावचा १५१७ चा नियम तर मला पाठच झालाय: हिवाळ्यात जेवढ्या गायींना स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावर चरायला न्यायच्या. किती साधा नियम, आणि मोजायला किती सोपा! राज्यशास्त्राच्या या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

वर्षाचा शेवट कंटेनरवर, म्हणजे मालवाहतुकीच्या मोठ्या धातूच्या पेटीवर वाचण्यात झाला. माल्कम मॅक्लीन हा अमेरिकेतला ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल माणसांनी चढवायचा तर टनामागे पावणेसहा डॉलरच्या आसपास खर्च येई. पेट्यांनी तो १६ सेंटच्या आत आला. पण नुसत्या पेटीने जग बदललं नाही. पेट्यांची मापं सगळीकडे सारखी व्हायला साठचं दशक उजाडलं, आणि त्यासाठी मॅक्लीनच्या कंपनीला आपल्या पेटंटचे हक्क खुले करावे लागले. मॅनहॅटनचे धक्के ओस पडत गेले, काम खाडीपलीकडे न्यू जर्सीला गेलं.

मला त्यातला १९६० चा एक करार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस. यंत्रं येणारच हे त्याने ओळखलं आणि मालकांशी सौदा केला: यंत्रांना आम्ही अडवणार नाही, कामाचे जुने नियमही सोडू, पण होणाऱ्या बचतीतून निधी काढा, कुणाला कामावरून कमी करायचं नाही, आणि लवकर निवृत्त होणाऱ्याला त्यातून पैसे द्यायचे. लडाइटांना ज्या टेबलाशी बसूच दिलं नाही, त्या टेबलाशी हे दीडशे वर्षांनी बसले होते. वहीत दोन्ही नोंदींना मी एका बाणाने जोडलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताई आणि भाची राहायला आल्या. भाची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, एआयने आमच्या नोकऱ्या जाणार का गं?" जानेवारीत मी तिला दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. आता मी वही काढली आणि मोज्याच्या यंत्रापासून सुरुवात केली. ती मधूनमधून पानं स्वतःच उलटत होती. ब्रिजेसच्या कराराशी आली तेव्हा तिने बोट ठेवून विचारलं, "हे कामावरून न काढायचं वचन सगळ्यांना होतं?"

"पूर्ण नोंदणी झालेल्या कामगारांना."

"आणि जे तेव्हा अजून लागलेच नव्हते, त्यांना?"

माझ्याकडे डाव्या पानावर काही नव्हतं. मी सांगितलं, की या प्रश्नाचं मी काही वाचलेलं नाही. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि उजव्या पानावर, माझ्या बाणाच्या खाली, तो प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिला.